जे दिसले ते आधी सांगा : अनोळखी जाणकारांकडून तांत्रिक उत्तर मिळवण्याविषयी

पंचगंगेकाठी (धागाकर्ता)

नमस्कार.

कोल्हापुरातल्या एका पतसंस्थेच्या संगणकप्रणालीची देखभाल हे माझे रोजचे काम आहे. या कामात मी जेव्हा जेव्हा अडलो, तेव्हा मला बाहेर काढणाऱ्यांपैकी बहुतेकांचे खरे नावही मला माहीत नाही. आपली झोप बाजूला ठेवून ज्यांनी माझ्या डेटाबेसमधल्या टेबलांची, म्हणजे माहितीच्या तक्त्यांची, रचना वाचली, त्यांचे आणि माझे कसलेही देणेघेणे नव्हते. त्यामुळे ‘इंटरनेटवरच्या चर्चापीठांवर विचारून उपयोग होत नाही, कोणी ढुंकूनही पाहत नाही’ अशी तक्रार ऐकली की मला मनापासून वाईट वाटते. अलीकडे ओळखीच्या तिघांनी हीच तक्रार केली, म्हणून त्यांनी विचारलेले प्रश्न मी मागवून घेऊन वाचले. तिघांनीही आपापला निष्कर्ष लिहिला होता. पडद्यावर नेमके काय दिसले, ते मात्र एकानेही लिहिले नव्हते.

आपल्याकडे परगावच्या माणसाने बिंदू चौकाचा रस्ता विचारला, तर सांगणारा दोन वळणे त्याच्याबरोबर चालत जातो आणि तो चुकू लागला तर तिथल्या तिथे सावरतो. संगणकाच्या पलीकडे बसलेल्या अनोळखी जाणकाराला ती सोय नसते. आपण जेवढे लिहू तेवढेच त्याला दिसते. म्हणून जे दिसले ते आधी सांगावे आणि त्याचा अर्थ आपण काय लावला ते नंतर सांगावे, असे माझे मत आहे; हे मत कसे बनले, ते सांगण्यासाठी हा धागा काढत आहे.

चार वर्षांपूर्वी मार्चअखेरच्या धावपळीत आम्ही जुना सर्व्हर बदलला आणि सगळी माहिती दुसऱ्या सर्व्हरवर नेली. दुसऱ्या दिवशी सकाळी काउंटरवरच्या ताईंनी एका सभासदाचे पासबुक छापायला घेतले, तर नावाच्या जागी भलतेच काहीतरी छापून आले. मी घाबरून एका इंग्रजी चर्चापीठावर लिहिले, ‘मराठी नीट दिसत नाही, फॉन्टची अडचण आहे, तातडीने मदत हवी.’ दीड दिवस एकही उत्तर आले नाही. मग एका गृहस्थांनी एकच ओळ लिहिली : नेमके काय दिसते, रिकामे चौकोन, विचित्र रोमन अक्षरे की प्रश्नचिन्हे?

या तिन्हींचे आजार वेगवेगळे असतात, हे मला तोवर माहीत नव्हते. चौकोन दिसत असतील तर त्या फॉन्टमध्ये देवनागरीचे आकारच नसतात. माहिती जागेवर असते आणि फॉन्ट बदलला की काम होते. डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ‘ए’ आणि त्याच्याशेजारी चलनचिन्हासारखे गोल चिन्ह अशी जोडी पुन्हा पुन्हा दिसत असेल, तर माहिती बहुधा शाबूत असते, पण वाचणारा ती चुकीच्या संकेताने वाचत असतो. यूटीएफ-८ या सर्व लिपींसाठीच्या संकेतपद्धतीत देवनागरीचे प्रत्येक अक्षर तीन बाइटांत साठवले जाते, उदाहरणार्थ ‘क’ म्हणजे हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पायाच्या आकड्यांत, ई०, ए४, ९५. सगळी देवनागरी ई० ने सुरू होते आणि पुढे ए४ किंवा ए५ येतो, म्हणूनच तीच दोन चिन्हे सारखी डोळ्यांत भरतात. तिसरा प्रकार प्रश्नचिन्हांचा. तो सर्वांत वाईट, कारण तिथे मूळ अक्षर पुसले जाऊन त्याच्या जागी खरेखुरे प्रश्नचिन्ह साठवले गेलेले असू शकते.

आमच्याकडे प्रश्नचिन्हे होती. त्या गृहस्थांनी डेटाबेसला विचारायची एका ओळीची क्वेरी देऊन साठवलेले बाइट हेक्समध्ये पाहायला सांगितले. पाहिले तर सगळीकडे ३एफ, ३एफ, ३एफ, म्हणजे प्रश्नचिन्हाचा संकेत. फॉन्टचा काही संबंधच नव्हता. टेबल लॅटिन-१ या रोमन अक्षरांच्या संचात तयार झाले होते आणि त्या संचातल्या २५६ जागांत देवनागरीला जागाच नाही, त्यामुळे भरताना प्रत्येक अक्षराचे प्रश्नचिन्ह झाले होते. आमचा डेटाबेस ज्या मायएसक्यूएलवर चालतो, त्यात ८.० आवृत्तीपासून, म्हणजे २०१८ पासून, यूटीएफ८एमबी४ (यूटीएफ-८ चा पूर्ण प्रकार) हा आपोआप लागू होणारा संच आहे. त्याआधी तो लॅटिन-१ होता. आमच्याकडची आवृत्ती जुनी होती आणि तो आकडाही मी प्रश्नात दिला नव्हता. ‘नव्या टेबलात आता काहीही लिहू नका आणि जुना बॅकअप वेगळा काढून ठेवा’ ही सूचना त्यांनी सर्वांत आधी दिली, म्हणून आम्ही वाचलो. संच बदलून टेबल पुन्हा तयार केले, बॅकअप पुन्हा भरला आणि संध्याकाळी पासबुकावर नाव नीट छापून आले.

‘फॉन्टची अडचण आहे’ हे माझे वाक्य नुसते निरुपयोगी नव्हते, तर वाचणाऱ्याला चुकीच्या वाटेला लावणारे होते. फॉन्टचे जाणकार तो प्रश्न उघडून गेले असतील आणि डेटाबेसच्या जाणकारांनी तो उघडलाच नसेल.

आपले अनुभव जरूर लिहावेत. ज्यांना उत्तर मिळाले नाही त्यांनी तर आवर्जून लिहावेत.

उद्यमनगरकर

आपला धागा वाचून माझ्या वर्कशॉपमधला प्रसंग आठवला. शिवाजी उद्यमनगरात आमचे लहान वर्कशॉप आहे आणि आमच्याकडच्या मिलिंग मशीनवर जुना फॅनक कंट्रोल, म्हणजे मशीन चालवणारा संगणक, आहे. एका डायचे, म्हणजे साच्याचे, काम आले. त्याचा प्रोग्राम कॅम सॉफ्टवेअरमधून (आराखड्यावरून मशीनच्या आज्ञा तयार करणाऱ्या) काढला आणि नेहमीप्रमाणे केबलने संगणकावरून मशीनमध्ये पाठवू लागलो. पाठवणे अर्ध्यावर थांबायचे. वेग कमी पडत असेल असे मी स्वतःच ठरवले आणि सीएनसी, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या मशीनच्या, कारागिरांच्या एका गटावर बॉड रेटविषयी, म्हणजे माहिती पाठवण्याच्या वेगाविषयी, विचारले, ‘बॉड रेट कसा वाढवायचा?’

विचारल्याप्रमाणे उत्तर मिळाले. दोघांनी पॅरामीटर सांगितले, मी मशीनकडचा वेग वाढवला आणि संगणकाकडचा तसाच राहिला. त्यामुळे जे अर्ध्यावर थांबत होते ते आता सुरूच होईना आणि पडद्यावर ०८५ क्रमांकाचा अलार्म आला. मी पुन्हा लिहिले, ‘तुम्ही सांगितले तसे केले आणि मशीन बिघडले.’ आज ते वाक्य आठवले की त्या दोघांवर मी केलेला अन्याय जाणवतो.

तेव्हा तिसऱ्याने विचारले की तुम्हाला मुळात करायचे काय आहे आणि सगळ्यात पहिल्यांदा कोणता अलार्म आला होता? पहिला अलार्म ०७० होता. तो मी पाहिला होता, रीसेट करून घालवला होता आणि कोणाला सांगितला नव्हता. ०७० म्हणजे मेमरीत जागा नाही. ०८५ म्हणजे दोन्हीकडची मांडणी, म्हणजे वेग, पॅरिटी (चूक ओळखण्याची खूण) आणि बिटांची संख्या, जुळत नाही. ०८६ आला असता तर समोरचे उपकरण तयार असल्याचा सिग्नलच येत नाही, म्हणजे आधी केबल आणि संगणक पाहायचे. तीन आकडे आणि तीन वेगळ्या दिशा. मी मात्र तिन्हींना मिळून ‘ट्रान्सफर होत नाही’ एवढेच म्हणत होतो.

अशा जुन्या कंट्रोलच्या मेमरीचे माप छिद्रे पाडलेल्या कागदी पट्टीच्या मीटरमध्ये सांगतात, हे नव्या मुलांना सांगितले तर खरे वाटत नाही. पट्टीवर इंचाला १० अक्षरे बसत, म्हणून ८० मीटर म्हणजे सुमारे ३२ किलोबाइट. माझा प्रोग्राम त्याच्या कितीतरी पट मोठा होता. वेग कितीही वाढवला असता तरी पायलीत पोतेभर धान्य मावणार नव्हते. उपाय असा निघाला की प्रोग्राम मेमरीत साठवायचाच नाही. संगणकावरून ओळीमागून ओळ पाठवत डीएनसी पद्धतीने तो थेट चालवायचा. शिवाय कॅममध्ये बारीक बारीक सरळ रेषांच्या जागी शक्य तिथे जी०२ आणि जी०३ या आज्ञांचे वर्तुळकंस घेतल्यावर ओळीही बऱ्याच घटल्या.

मी बॉड रेटबद्दल विचारले म्हणून मला बॉड रेट मिळाला. डाय कापायचा आहे आणि प्रोग्राम आत जात नाही असे सांगितले असते, तर पहिल्याच दिवशी काम झाले असते.

पंचगंगेकाठी

दादा, आपण अगदी नेमके उदाहरण दिलेत. इंग्रजी चर्चांमध्ये या घोटाळ्याला ‘एक्स-वाय प्रॉब्लेम’ म्हणतात : माणसाला हवे असते एक, त्यासाठी तो मनाशी एक उपाय योजतो, तो उपाय अडतो आणि मग तो फक्त त्या उपायाविषयी विचारत राहतो. यात प्रश्नकर्त्याची लबाडी नसते. उलट, आपण थोडे डोके चालवून मग विचारावे या भल्या हेतूनेच हे घडते. म्हणून मी आता प्रश्नाची पहिली ओळ नेहमी मूळ कामाची लिहितो आणि आपला तर्क शेवटी ‘मला असे वाटते’ म्हणून वेगळा ठेवतो. तर्क लिहूच नये असे मात्र नाही, कारण आपण काय गृहीत धरले आहे ते त्यावरून समोरच्याला कळते.

तिसरे वर्ष

मी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सर्वांचे म्हणणे मान्य करूनही एक दुसरी बाजू मांडावीशी वाटते. गेल्या वर्षी प्रोग्रामिंगच्या एका मोठ्या संकेतस्थळावर मी आयुष्यातला पहिला प्रश्न विचारला. दहा मिनिटांत त्याला तीन उणे गुण मिळाले, ‘हे आधीच विचारून झाले आहे’ असा शिक्का मारून तो बंद करण्यात आला आणि एकाने लिहिले की ज्याला एवढेही येत नाही त्याने हे क्षेत्र सोडावे. माझे इंग्रजी बेताचे आहे. तो प्रश्न लिहायला मला एक तास लागला होता. त्यानंतर मी तिथे कधीच लिहिले नाही. उत्तर मिळवण्याची सगळी जबाबदारी विचारणाऱ्यावरच का टाकायची?

पंचगंगेकाठी

आपल्याला जे लिहिले गेले ते चूक होते आणि त्याचे समर्थन मी करणार नाही. ‘हे क्षेत्र सोडा’ या वाक्यात कसलेही तांत्रिक ज्ञान नाही. ते लिहिणाऱ्याने स्वतःचा वेळही वाया घालवला आणि आपला धीरही.

तरीही दोन गोष्टी वेगळ्या करून पाहाव्यात अशी विनंती आहे. अपमान ही एक गोष्ट आणि प्रश्न बंद होणे ही दुसरी. काही संकेतस्थळे शंकानिरसनापेक्षा संग्रहासारखी चालतात. जेफ ॲटवुड आणि जोएल स्पोल्स्की यांनी २००८ मध्ये स्टॅक ओव्हरफ्लो सुरू केले, तेव्हापासून तिथला हेतू असा राहिला आहे की एका अडचणीची एकच चांगली नोंद असावी आणि पुढे येणाऱ्या प्रत्येकाला ती शोधून सापडावी. अशा ठिकाणी प्रश्न ‘आधीचाच’ ठरला तर सोबत जुन्या उत्तराचा दुवा मिळतो, आणि तो दुवा हेच पुष्कळदा उत्तर असते. ते आपल्या अडचणीला लागू पडत नसेल, तर ‘तो प्रश्न मी वाचला, पण माझ्याकडे अमुक गोष्ट वेगळी आहे’ असे प्रश्नात जोडले की तो पुन्हा उघडला जाऊ शकतो. नवख्याने आधी एखाद्या भाषेच्या किंवा सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या चर्चागटात विचारावे असे मी सुचवेन. तिथे संग्रह जपण्याचा ताण कमी आणि बोलण्याची सवय जास्त असते.

इंग्रजीबद्दल म्हणाल तर छोटी वाक्ये पुरतात. १९९१ च्या जुलैमध्ये हेलसिंकीच्या एका विद्यार्थ्याने मिनिक्स या प्रणालीच्या चर्चागटावर अनोळखी लोकांना विचारले होते की पॉझिक्सचे, म्हणजे युनिक्ससारख्या प्रणालींचे, नियम संगणकावर वाचता येतील अशा रूपात कुठे मिळतील. तो एकवीस वर्षांचा होता आणि इंग्रजी त्याची मातृभाषा नव्हती. २५ ऑगस्टला त्याने पुन्हा लिहिले की आपण एक प्रणाली तयार करत आहोत, ती ३८६ आणि ४८६ वर्गाच्या यंत्रांसाठी आहे, बॅश १.०८ आणि जीसीसी १.४० ही सॉफ्टवेअर तिच्यावर चालू लागली आहेत, अमुक प्रकारच्या हार्डडिस्कशिवाय ती बहुधा चालणार नाही, आणि लोकांना मिनिक्समधले काय आवडते व काय आवडत नाही ते कळवावे. तो विद्यार्थी म्हणजे लिनस टॉरव्हाल्ड्स आणि ती प्रणाली म्हणजे लिनक्स. मला त्या संदेशातले आवृत्त्यांचे आकडे फार महत्त्वाचे वाटतात. काय चालते, कशावर चालते आणि काय चालत नाही, हे त्याने कोणी न विचारता सांगून टाकले होते.

रात्रपाळी

मी दुसऱ्या बाजूचा माणूस आहे. गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत दिवसा नोकरी करतो आणि रात्री जेवणानंतर तासभर एका मुक्त सॉफ्टवेअरच्या गटावर लोकांच्या प्रश्नांना उत्तरे देतो. उत्तर देणारा प्रश्न कसा निवडतो, हे सांगितल्यास कदाचित उपयोग होईल.

माझ्याकडे तास एकच असतो आणि प्रश्न चाळीस असतात. मी आधी शीर्षके वाचतो. ‘मदत करा’, ‘अर्जंट’ आणि ‘प्रोग्राम चालत नाही’ ही शीर्षके मी उघडत नाही, आणि त्यात राग नसतो. त्या विषयातले मला काही कळते की नाही, हेच मला समजत नाही. उघडलेल्या प्रश्नात मी तीन गोष्टी शोधतो : त्याने काय केले, काय व्हायला हवे होते आणि काय झाले. या तिन्ही असतील तर इंग्रजी कितीही मोडके असले तरी मी थांबतो. पडद्यावर आलेला एररचा संदेश जसाच्या तसा चिकटवलेला असेल तर फारच बरे, कारण तोच मजकूर शोधून मला जुनी चर्चा सापडते. मोबाइलने काढलेला, पडद्यावर दिव्याची तिरीप आलेला फोटो मला शोधता येत नाही आणि त्यातला कोड चालवूनही पाहता येत नाही.

तिसऱ्या वर्षाच्या मित्राला एक गोष्ट खास सांगतो. पूर्ण प्रकल्प पाठवू नका. अडचण दिसत राहील एवढा लहानात लहान तुकडा करून पाठवा. अर्धा कोड काढा आणि चूक राहते का ते पाहा. राहिली तर उरलेल्यातला अर्धा काढा. गेली तर काढलेला परत आणून दुसरा अर्धा काढा. हजार ओळींचा कोड असला तरी अशा दहाएक फेऱ्यांत आपण एक-दोन ओळींपाशी पोहोचतो, कारण दहा वेळा दुप्पट केले की १०२४ होतात. प्रत्यक्षात कोड इतका सरळ तुटत नाही, थोडे इकडेतिकडे जोडावे लागते, पण मी स्वतः असे करायला बसतो तेव्हा पुष्कळदा चूक मलाच सापडते आणि प्रश्न पाठवावाच लागत नाही.

एक कळकळीची सूचना. लॉग, म्हणजे प्रोग्रामने केलेल्या नोंदी, चिकटवताना त्यातले पासवर्ड, एपीआय की (सेवेत शिरण्याची गुप्त किल्ली), सभासदांची नावे आणि मोबाइल क्रमांक काढून टाका. एकदा उघड झालेली किल्ली नंतर पुसली तरी कोणीतरी उचललेली असू शकते, म्हणून ती लगेच बदलावी. आणि प्रश्न विचारल्यावर कोणी खासगी निरोप पाठवून ‘तुमचा संगणक माझ्या हाती द्या, मी दुरुस्त करतो’ म्हणाले, किंवा ओटीपी मागितला, तर नकार द्या. खरा जाणकार सर्वांसमोर उत्तर देतो, कारण त्यामुळे त्याची चूक झाली तर दुसरा ती दुरुस्त करतो. पैसे गेलेच तर क्षणाचाही उशीर न करता १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनला फोन करावा.

तिसरे वर्ष

धन्यवाद. तुकडा करण्याची रीत आजच करून पाहतो. आमच्या वर्गातली बरीच मुले म्हणतात की आता माणसांना विचारण्याची गरजच उरली नाही, एआयला विचारले की झाले. त्याबद्दल आपले मत काय?

रात्रपाळी

मीही विचारतो आणि एररच्या संदेशाचा अर्थ समजून घ्यायला त्याचा खूप उपयोग होतो. पण न चालणारे उत्तरही ते तितक्याच ठामपणे देऊ शकते. स्टॅक ओव्हरफ्लोने २०२२ च्या डिसेंबरमध्ये एआयने तयार केलेली उत्तरे टाकण्यावर बंदी घातली, ती याच कारणाने. माणसाचा मोठा फरक मला असा वाटतो की तो अनेकदा उत्तर देण्याआधी उलट प्रश्न विचारतो. धागाकर्त्यांना ‘चौकोन की प्रश्नचिन्हे’ असे विचारले गेले आणि उद्यमनगरच्या दादांना ‘पहिला अलार्म कोणता’ असे, आणि तिथूनच दोघांची वाट बदलली. आणि एआयला विचारतानाही, जे दिसले ते न सांगता आपला तर्कच सांगितला तर ते त्या तर्काच्याच मागे जाते.

खिळेजुळारी

माझे आजोबा छापखान्यात खिळे जुळवत असत आणि मी संगणकावर तेच काम करते. हा धागा वाचून माझा अडलेला प्रश्न इथेच मांडते.

गुळाच्या धंद्याविषयीची एक पुस्तिका आमच्याकडे छपाईला आहे. तिच्यात ‘गुऱ्हाळ’ हा शब्द पानोपानी आहे आणि प्रूफमध्ये तो सगळीकडे ‘गुर्हाळ’ असा, म्हणजे ‘हा’च्या डोक्यावर रफार येऊन उमटला. ‘दुसऱ्या’चे ‘दुसर्या’ झाले आहे. मी एका इंग्रजी गटावर ‘मराठी र तुटतो’ असे लिहून मूळ मजकुराचे आणि प्रूफच्या पानाचे अशी दोन चित्रे टाकली. तिघांनी फॉन्ट बदलायला सांगितले. मी चार फॉन्ट बदलले, फरक पडला नाही. एकाने लिहिले की दोन्ही चित्रांत त्याला काहीच फरक दिसत नाही. त्या उत्तराचा मला राग आला होता, पण आता वाटते की तो खरे तेच सांगत होता.

पंचगंगेकाठी

ताई, तो गृहस्थ खरेच सांगत होता आणि त्याचे ते उत्तर फार मोलाचे आहे. ज्याने देवनागरी कधी वाचली नाही, त्याला ‘र तुटतो’ म्हणजे काय हे कसे कळावे? त्याला आपण ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ शेजारी शेजारी दाखवावेत आणि सांगावे की हे दोन वेगळे शब्द आहेत, पहिल्याचा अर्थ समुद्र आणि दुसऱ्याचा अर्थ डोंगरांमधल्या खोल जागा. पहिल्यात खूण अक्षराच्या डोक्यावर हवी आणि दुसऱ्यात ती डावीकडे, आडव्या वळणदार रेघेसारखी हवी. त्या खुणेभोवती लाल वर्तुळ काढावे. एवढे केले की त्याला मराठी न येताही अडचण दिसते.

आता माझा प्रश्न. चार फॉन्टांत एकच चूक येते, त्या अर्थी दोष अक्षराच्या आकारात नसून साठवलेल्या मजकुरात असावा असे मला वाटते. लेखकाकडून आलेल्या मूळ फाइलमधला ‘दुसऱ्या’ आणि प्रूफच्या फाइलमधला ‘दुसर्या’ असे दोन्ही शब्द अक्षरांचे युनिकोड क्रमांक दाखवणाऱ्या साधनात टाका आणि दिसतील ते क्रमांक जसेच्या तसे इथे लिहा. दोन फाइलींच्या मध्ये आपण मजकुरावर काय काय केले, तेही क्रमाने लिहा.

खिळेजुळारी

मूळ फाइलमध्ये शेवटच्या जोडाक्षराचे क्रमांक असे आहेत : ०९३०, ०९४डी, २००डी, ०९२एफ. प्रूफच्या फाइलमध्ये : ०९३०, ०९४डी, ०९२एफ. मधला २००डी नाही.

मधे केलेले काम : मजकूर उघडला, दुहेरी मोकळ्या जागा काढल्या, मोबाइलवरून आलेल्या मजकुरात नको ती न दिसणारी चिन्हे असतात म्हणून ती काढणारा आमचा नेहमीचा मॅक्रो (ठरलेली कामे आपोआप करणारा छोटा प्रोग्राम) चालवला आणि मग पान लावले. हा मॅक्रो आम्ही प्रत्येक कामावर चालवतो; आजवर असे झाले नव्हते.

रात्रपाळी

सापडले. २००डी हे न दिसणारे जोडचिन्ह आहे. या लेखकाने ‘र’, हलन्त आणि जोडचिन्ह अशा पद्धतीने तो आडवा र टाइप केला आहे. आपल्या मॅक्रोने जोडचिन्ह कचरा समजून काढले, आणि मग उरलेल्या ‘र’ व हलन्ताचा नियमाप्रमाणे रफार झाला. आजवरचे लेखक बहुधा ०९३१ क्रमांकाचा ‘ऱ’ वापरत असावेत. ते स्वतंत्र अक्षर असल्यामुळे मॅक्रो त्याला हात लावत नाही.

प्रूफच्या फाइलमध्ये सरसकट शोधून बदल मात्र करू नका. ‘कार्य’, ‘सूर्य’ आणि ‘आचार्य’ यांतला रफार खरा आहे. मूळ फाइलकडे परत जा.

उद्यमनगरकर

ताई, आपण मॅक्रोचा उल्लेख केलात म्हणून हे अर्ध्या तासात सुटले. मी ०७० अलार्म लपवला तसे ‘नेहमीचेच काम’ म्हणून तो आपण गाळला असता, तर आपण पाचवा फॉन्ट शोधत बसला असतात.

खिळेजुळारी

काम झाले. पुढे कोणी हाच शब्द शोधत इथे येईल, म्हणून केलेले सगळे लिहून ठेवते.

मूळ फाइलची प्रत घेतली. तिच्यात ०९३०, ०९४डी, २००डी हा तीन चिन्हांचा क्रम शोधून त्याच्या जागी ०९३१, ०९४डी हे दोन क्रमांक घातले. त्यानंतर मॅक्रो चालवला. क्रम उलटा केला तर उपयोग नाही, कारण मॅक्रो आधी चालला की शोधायला २००डी उरतच नाही. मग ‘गुऱ्हाळ’, ‘दुसऱ्या’, ‘शेतकऱ्यांना’, ‘कऱ्हाड’ आणि उलट बाजूने ‘कार्य’ व ‘सूर्य’ असे शब्द शोधून प्रत्येक ठिकाण डोळ्यांनी तपासले. सर्व ठिकाणी बरोबर आहे. आमच्या मॅक्रोतच हा बदल पहिल्या पायरीला घातला आहे. इंग्रजी गटावरच्या माझ्या जुन्या प्रश्नाखालीही दोन्ही शब्दांची लाल वर्तुळे काढलेली चित्रे, हे क्रमांक आणि हा उपाय लिहिला आहे. ज्यांना फरक दिसला नव्हता त्या गृहस्थांनी आता दिसल्याचे कळवले आहे. पुस्तिकेचे दुसरे प्रूफ उद्या लेखकाकडे जाईल.